तीन शिखरांवरचा सॅलमँडर
(इयत्ता सहावी व सातवीसाठी निसर्ग-अभ्यासाचा एक पाठ)

वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा विषय वर्गात निघाला, म्हणजे वाघ, सिंह, हत्ती, गेंडा ही नावे मुलांच्या तोंडी चटकन येतात. मोठा प्राणी डोळ्यांत भरतो, त्याची चित्रे भिंतीवर असतात, त्याच्या गोष्टी घरोघरी सांगितल्या जातात. त्यामुळे रक्षणाची गरज केवळ मोठ्या प्राण्यांनाच असते, असा समज नकळत दृढ होतो. परंतु एखादा प्राणी नाहीसा होण्याचा धोका त्याच्या आकारावरून ठरत नाही. तो किती जागेत राहतो आणि ती जागा बदलली तर त्याला दुसरीकडे जाता येते की नाही, यावर तो धोका पुष्कळ अंशी अवलंबून असतो.

हे तत्त्व समजावून देण्यास बोटाएवढ्या लांबीच्या एका प्राण्याचे उदाहरण फार उपयोगी पडते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. तेथील ब्लू रिज डोंगररांगेत शेनँडोआ हे राष्ट्रीय उद्यान आहे. त्या उद्यानातील हॉक्सबिल, स्टोनी मॅन आणि पिनॅकल या तीन शिखरांच्या माथ्याजवळ शेनँडोआ सॅलमँडर राहतो. पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठेही तो आढळत नाही.

इतक्या दूरच्या प्राण्याचा पाठ खेड्यातील शाळेत कशासाठी घ्यावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. या प्राण्याची अडचण अतिशय थोडक्या जागेत, जणू फळ्यावर आखून दाखविल्याप्रमाणे दिसते. ती एकदा समजली, म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरील बेडकांची अडचण मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. दूरच्या उदाहरणावरून जवळच्याकडे येणे, हाच या पाठाचा क्रम आहे.

पाठाचे हेतू व पूर्वतयारी

पाठाचे हेतू तीन आहेत. उभयचर प्राण्यांची त्वचा आणि ओलावा यांचा संबंध मुलांस कळावा, हा पहिला. डोंगरमाथा हा बेटासारखा कसा असतो हे त्यांना समजावे, हा दुसरा. आणि मर्यादित जागेत राहणाऱ्या प्राण्याच्या रक्षणाचा विचार त्यांनी स्वतः करून पाहावा, हा तिसरा.

साहित्य गावात सहज मिळणारे आहे. सारख्या मापाचे कापडाचे दोन तुकडे, दहा-बारा मध्यम दगड, ओल्या मातीचा एक ढीग, थोडी दोरी आणि पृथ्वीचा गोल किंवा नकाशा एवढे पुरे. शाळा भरतेवेळी कापडाचे दोन्ही तुकडे भिजवून सारखेच पिळावेत. एक तुकडा अंगणात उन्हात पसरावा आणि दुसरा सावलीत रचलेल्या दगडांच्या राशीखाली ठेवावा. त्यासंबंधी त्या वेळी काही सांगू नये. पाठाच्या मध्यावर हे तुकडे उपयोगी पडतील.

प्रस्तावना

पूर्वज्ञान जागृत करण्यासाठी मुलांच्या रोजच्या पाहण्यातील पालीपासून आरंभ करावा. पाल भिंतीवर असते, ती चुकचुकते, तिची शेपटी तुटली तर पुन्हा येते, इतके प्रत्येकास ठाऊक असते. त्यानंतर बेडकाविषयी विचारावे. बेडूक उन्हाळ्यात कोठे जातो? पहिला पाऊस पडताच तो एकाएकी कोठून येतो? पालीचे अंग हाताला कसे लागते आणि बेडकाचे कसे लागते?

उत्तरांतून एक भेद मुलांकडूनच काढून घ्यावा. पालीची त्वचा कोरडी व खवल्यांची असते, तिच्या बोटांना नख्या असतात आणि तिच्या अंड्यांना कवच असते. बेडकाची त्वचा उघडी व ओलसर असते, त्याला नख्या नसतात आणि त्याची अंडी बुळबुळीत व कवचाविना असतात. मग विचारावे : पालीसारखी लांब शेपटी आणि बेडकासारखी ओली त्वचा, असा एखादा प्राणी असू शकेल काय? मुले क्षणभर थांबतील. तेथेच पाठाचा हेतू सांगावा की, आज आपण अशाच एका प्राण्याची माहिती घेऊ. त्याचे नाव सॅलमँडर.

सॅलमँडर सह्याद्रीत नाही, म्हणून मुलांनी तो पाहिलेला नसतो. भारतात तो पूर्व हिमालयात व ईशान्येकडील डोंगराळ प्रदेशात आढळतो. दार्जिलिंगच्या परिसरातील सॅलमँडर त्यांपैकीच होय. युरोपात या प्राण्याविषयी प्राचीन काळी एक विलक्षण समजूत होती. तो आगीत राहतो आणि आपल्या थंड अंगाने आग विझवितो, असे लोक मानीत. ओल्या ओंडक्यात लपलेला सॅलमँडर ओंडका चुलीत घालताच बाहेर पळत असावा व त्यावरून ही समजूत पडली असावी, असा तर्क केला जातो. वस्तुतः आगीचा व कोरडेपणाचा तो शत्रू आहे. ही हकीकत मुलांना रुचेल आणि समजूत व निरीक्षण यांतील अंतरही त्यांच्या ध्यानात येईल.

विषय-विवेचन

१. फुप्फुसाविना श्वास

शेनँडोआ सॅलमँडर शेपटीसह सुमारे दहा सेंटिमीटर लांब भरतो. काहींच्या पाठीवर तांबूस रंगाची अरुंद पट्टी असते, तर काहींचे अंग सर्वत्र गडद असते. पुढच्या पायांना चार आणि मागच्या पायांना पाच बोटे असतात. येथवर त्यात विशेष असे काही नाही. विशेष हे की, या प्राण्याला फुप्फुसे मुळीच नाहीत. तो आपल्या त्वचेने आणि तोंडाच्या आतील अस्तराने श्वास घेतो.

हवेतील प्राणवायू त्वचेवरील पाण्याच्या पातळ थरात विरघळतो आणि तेथून रक्तात शिरतो. तो थर सुकला तर श्वास बंद पडतो. याच वेळी ठेवलेले कापडाचे तुकडे आणवून मुलांच्या हाती द्यावेत. उन्हातील तुकडा कोरडा झालेला असेल; दगडांखालील तुकडा अजून दमट असेल. सॅलमँडरची त्वचा ही या कापडासारखी आहे, एवढे वाक्य पुरेसे होते. तो दिवसा दगडाखाली वा ओंडक्याखाली का राहतो आणि रात्री, विशेषतः पावसाच्या व धुक्याच्या रात्री, बाहेर का येतो, याचे उत्तर मुले आपोआप देतील.

येथे आणखी एक पायरी चढावी. सॅलमँडर बाहेर येतो तो पालापाचोळ्यातील बारीक किडे खाण्यासाठी. हवा कोरडी राहिली तर त्याला बाहेर येता येत नाही. बाहेर येता आले नाही तर खावयास मिळत नाही. खावयास मिळाले नाही तर त्याची वाढ खुंटते व अंडीही कमी होतात. म्हणजे कोरडा उन्हाळा त्याला एकदम मारतो असे नाही. पुष्कळदा तो त्याला उपाशी ठेवतो. कारण व कार्य यांची ही साखळी मुलांकडून वहीत बाणांनी काढवून घ्यावी.

बेडकाप्रमाणे याला अंड्यांसाठी डबके लागत नाही. मादी दगडाखाली किंवा कुजक्या लाकडात दमट जागी अंडी घालते व त्यांची राखण करते. अंड्यातून शेपटीवाले पोहणारे पिल्लू निघत नाही. आईबापांसारखेच दिसणारे चिमुकले सॅलमँडर निघते. ओढ्याच्या प्रवाहाबरोबर दूर जाण्याची संधीही त्यामुळे या जातीला नाही. जेथे जन्म, तेथेच बहुधा सारे आयुष्य.

२. शिळांची रास हा आसरा

या सॅलमँडरचे शास्त्रीय वर्णन रिचर्ड हायटन व रिचर्ड वर्दिंग्टन या शास्त्रज्ञांनी १९६७ साली प्रसिद्ध केले. तो मुख्यतः सुमारे ९०० मीटरांहून अधिक उंचीवर, उत्तरेकडील उतारांवर, कड्यांवरून निखळून साचलेल्या शिळांच्या राशीत सापडतो. उत्तर गोलार्धात उत्तरेकडील उतारावर ऊन कमी पडते, म्हणून तो उतार अधिक थंड व दमट राहतो. मातीच्या ढिगाचा डोंगर करून आणि एका बाजूने दिवा वा कंदील धरून हे वर्गात सहज दाखविता येते.

परंतु येथे एक कोडे उत्पन्न होते. ज्या प्राण्याला ओलावा प्राणाइतका हवा, त्याने शिळांच्या राशीत का राहावे? शिळांच्या फटींत माती थोडी असते आणि थोडी माती लवकर वाळते. शेजारच्या जंगलात खोल, मऊ, ओलसर माती असता तो तेथे का जात नाही?

या कोड्याचा उलगडा रॉबर्ट जेगर या प्राणिशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास केलेल्या अभ्यासाने झाला. शेजारच्या ओलसर मातीत तांबड्या पाठीचा दुसरा एक सॅलमँडर राहतो. तो अमेरिकेच्या पूर्व भागात व कॅनडात दूरवर पसरलेला आहे. तो आपली जागा राखतो, गंधाने तिच्या खुणा करतो आणि दुसऱ्याला हुसकून लावतो. चांगल्या मातीसाठी या दोघांत स्पर्धा होते, तेव्हा शेनँडोआ सॅलमँडर मागे पडतो. मात्र कोरडेपणा सोसण्याची त्याची शक्ती थोडी अधिक आहे, असे जेगर यांना दिसून आले. म्हणून जेथे प्रतिस्पर्ध्याला टिकता येत नाही, अशा शिळांच्या राशीत तो टिकून राहिला. ती जागा त्याच्या आवडीची नव्हे; ती त्याच्या वाट्याला उरलेली आहे.

तीनही शिखरे एकाच रांगेत असून एकमेकांपासून फार दूर नाहीत. तरीही मधल्या जंगलातील ओलसर माती ही या प्राण्याला समुद्रासारखी आहे. त्या समुद्रात प्रतिस्पर्धी वसला आहे. मातीच्या ढिगावर तीन ठिकाणी दगडांच्या लहान राशी मांडून व त्यांच्याभोवती दोरी ठेवून ही तीन बेटे मुलांना दाखवावीत. कालांतराने शिळा झिजतात, फटींत पालापाचोळा कुजून माती साचते आणि बेटे निसर्गतःच लहान होत जातात, हेही येथेच सांगावे.

३. गणिताने दिसणारा धोका

निसर्ग-अभ्यास व गणित यांचा समवाय साधण्यास हा भाग विशेष अनुकूल आहे. उंचीवर जावे तशी हवा थंड होते. सरासरीने दर १,००० मीटरांस सुमारे ६.५ अंश सेल्सियस इतकी ही घट असते. यावरून मुलांनी पुढील उदाहरण सोडवावे.

एक अंश घट होण्यास किती मीटर चढावे लागेल? एक हजारास साडेसहाने भागिले असता सुमारे १५४ मीटर हे उत्तर येते. हॉक्सबिल हे या तिघांतील सर्वांत उंच शिखर असून त्याची उंची सुमारे १,२३४ मीटर आहे. आपल्या कळसूबाईहून ते बरेच ठेंगणे आहे. सॅलमँडरचा पट्टा ९०० मीटरांपासून सुरू होतो असे धरिले, तर त्याच्या वर किती मीटर डोंगर उरतो? ३३४. आता हवा एक अंशाने तापली, तर पूर्वी ९०० मीटरांवर असलेला गारवा १,०५४ मीटरांवर सरकेल. दोन अंशांनी तापली, तर तो १,२०८ मीटरांवर जाईल. मग शिखरापर्यंत केवळ २६ मीटर उरतात.

हे गणित ढोबळ आहे, हे शिक्षकांनी अवश्य सांगावे. उताराची दिशा, धुके, झाडांची सावली, शिळांची खोली यांमुळे प्रत्यक्ष स्थिती वेगळी असू शकते. तथापि गणिताचा आशय खरा आहे. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेने २०११ ते २०२० या दशकातील पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंशाने अधिक होते, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या हवामान-मंडळाने २०२१ साली नमूद केले आहे. सपाट प्रदेशातील प्राणी हवा तापली तर उत्तरेकडे सरकू शकेल. शिखरावरच्या प्राण्याला वर जावयाचे तर आकाशच आहे.

मातीच्या डोंगराला पायथ्याशी, मध्यावर व माथ्याजवळ दोरीचे वेढे देऊन त्यांची लांबी मुलांनी मोजावी. वर जावे तसा वेढा लहान होतो. म्हणजे गारवा वर सरकला की उंचीच कमी होते असे नाही, तर राहण्याची जागाही आक्रसते. हे मोजणे एकदा हातांनी झाले, की मुले ते विसरत नाहीत.

४. इतर संकटे व मनुष्याचे उपाय

हवामानाखेरीज आणखी काही संकटे या प्राण्यावर आहेत. परदेशातून आलेल्या किडींनी त्या जंगलातील ओक व हेमलॉक या वृक्षांची मोठी हानी केली. झाडे निष्पर्ण झाली की ऊन जमिनीवर पोचते व पालापाचोळा वाळतो. कारखाने व वाहने यांच्या धुरामुळे पडणाऱ्या आम्लयुक्त पावसाने मातीचा गुण बदलतो. शिखरांच्या जवळून पर्यटकांचा रस्ता जातो, पायवाटा जातात, आणि कुतूहलाने दगड उलथणारे हातही तेथे पोचतात.

१९८९ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने या सॅलमँडरचा समावेश संकटग्रस्त प्राण्यांच्या सूचीत केला. त्यामुळे त्याला पकडणे वा इजा करणे हा कायद्याने गुन्हा ठरला. राष्ट्रीय उद्यानात असल्याने जंगलतोड व बांधकाम यांपासून त्याला पूर्वीच आश्रय मिळालेला होता. आणखी एक संकट दाराशी येऊन थांबलेले आहे. युरोपात सॅलमँडरांच्या त्वचेला ग्रासणारी एक बुरशी आढळली व २०१३ साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले. नेदरलँड्समधील सॅलमँडर तिने जवळजवळ नामशेष केले होते. ती अमेरिकेत शिरू नये म्हणून तेथील सरकारने २०१६ साली २०१ जातींच्या सॅलमँडरांची आयात बंद केली. एका ठिकाणचा प्राणी हौसेने दुसरीकडे नेऊन सोडण्यात किती धोका असतो, हे यावरून मुलांस सांगावे.

उद्यानाच्या इतिहासातील एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. हे उद्यान १९३५ साली स्थापन झाले, त्यापूर्वी त्या डोंगरांत शेकडो कुटुंबे राहत होती. त्यांच्या जमिनी घेण्यात आल्या आणि पुष्कळांना घरे सोडावी लागली. उद्यान सॅलमँडरसाठी झाले नाही. त्या वेळी तो शास्त्रालाही अज्ञात होता. परंतु आज त्याला मिळणाऱ्या आश्रयाची किंमत कोणी तरी दिलेली आहे. धरणग्रस्त गावांतील किंवा अभयारण्यालगतच्या गावांतील मुलांना ही गोष्ट न सांगताही कळेल, आणि सांगितली तर पाठावरील त्यांचा विश्वास वाढेल.

चर्चेसाठी दोन कठीण प्रश्न

या पाठात चर्चेचा भाग गाळू नये. माहिती पुस्तकातूनही मिळते. विचार करण्याची सवय मात्र वर्गातच लागते.

पहिला प्रश्न असा : तांबड्या पाठीच्या सॅलमँडराला मनुष्याने त्या शिखरांवरून हटवावे काय? काही मुले लगेच होकार देतील. दुबळ्याची बाजू घेण्याची ही वृत्ती चांगलीच आहे. परंतु त्यांना विचारावे की, तांबड्या पाठीच्या सॅलमँडराचा अपराध कोणता? तोही तेथलाच रहिवासी आहे. दोन प्राण्यांतील स्पर्धा हा निसर्गाचा क्रम आहे आणि राष्ट्रीय उद्याने सामान्यतः त्या क्रमात हात घालीत नाहीत. मग दुसरी बाजू मांडावी. हवा तापली आहे ती मनुष्याच्या करणीने. शर्यतीत एका धावणाऱ्याच्या वाटेवर आपणच काटे पसरले असतील, तर जो जिंकेल तो जिंको असे म्हणून आपणांस बाजूला उभे राहता येईल काय? येथे शिक्षकांनी निर्णय देऊ नये. दोन्ही पक्षांची कारणे फळ्यावर मांडावीत आणि मुलांना घरी विचार करू द्यावा.

दुसरा प्रश्न मुलेच विचारतील : या प्राण्याचा उपयोग काय? याचे उत्तर देताना अतिशयोक्तीचा मोह टाळावा. सॅलमँडरांचा वर्ग जंगलात महत्त्वाचा आहे, हे खरे. न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रुक येथील जंगलात सॅलमँडरांचे एकूण वजन पक्ष्यांच्या विणीच्या हंगामातील एकूण वजनाच्या सुमारे दुप्पट भरते, असे १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. डोळ्यांना न दिसणारे हे प्राणी किडे खातात व स्वतः इतरांचे अन्न होतात. परंतु शेनँडोआ सॅलमँडर संख्येने थोडा आहे. तो नाहीसा झाला तर जंगल कोसळेल, असे सांगणे खरे होणार नाही. मुलांना एका चांगल्या हेतूसाठीही खोटे शिकवू नये.

मग त्याला का राखावे? गावातील एखादे जुने हस्तलिखित घ्यावे, ज्याची दुसरी प्रत कोठेही नाही. ते रोज कोणी वाचीत नाही, त्यावाचून कोणाचे अडतही नाही. तरीही ते वाळवीला खाऊ द्यावे, असे कोणी म्हणत नाही; कारण ते एकदा गेले की पुन्हा लिहिता येणार नाही. हजारो वर्षांत घडलेला हा जीव तसाच एका प्रतीचा ग्रंथ आहे. उपयोगावाचूनही एखाद्या वस्तूला मोल असू शकते, हा विचार या वयातील मुलांना झेपतो. तो त्यांच्यापुढे ठेवणारा मात्र कोणी हवा.

आपल्या डोंगरमाथ्यांकडे

यानंतर नकाशावर सह्याद्रीकडे यावे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली हे धो धो पावसाचे ठिकाण. तेथे अंगावर पिवळे पट्टे असलेला एक लहान भेक राहतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याचे स्वतंत्र जात म्हणून वर्णन केले. आंबोली व तिच्या निकटच्या परिसरापलीकडे तो माहीत नाही आणि आंतरराष्ट्रीय सूचीत त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झालेली आहे. त्याचाच सख्खा जातभाई सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या परिसरात राहतो. त्याचे वर्णन १९६३ साली झाले.

आंबोलीचा भेक पावसाळ्याच्या आरंभी कातळावर साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतो. पाऊस मध्येच उघडला आणि पाणी आटले, तर पिल्ले तेथेच वाळून जातात. शेनँडोआ सॅलमँडरला डबके लागत नाही, याला लागते. परंतु दोघांचेही दैव ओलाव्याच्या पातळ थरावर अवलंबून आहे. तेथे शिखरांजवळून रस्ता जातो, येथेही घाटातून रस्ता जातो. पावसाळी रात्री रस्त्यावर आलेले भेक व बेडूक वाहनांखाली चिरडले जातात. कातळावर बांधकाम झाले किंवा भर पडली, तर अंडी घालण्याची जागाच नष्ट होते. ओसाड व निरुपयोगी दिसणारा कातळ हा कोणाचे तरी घर असतो, हे या ठिकाणी ठसवावे.

भेकाला हात लावल्याने चामखीळ येते, अशी समजूत काही मुलांत असते. ती खरी नाही. त्याच्या त्वचेतून झोंबणारा रस निघतो, तो डोळ्यांत वा तोंडात जाऊ नये म्हणून हात धुवावेत, इतकेच. भीती गेली की दगड मारण्याचे कारणही जाते.

फलकलेखन

पाठ चालू असता फळ्यावर पुढील मुद्दे क्रमाने यावेत :
शेनँडोआ सॅलमँडर – तीन शिखरे, अन्यत्र नाही.
फुप्फुसे नाहीत – ओल्या त्वचेने श्वास.
कोरडी हवा – बाहेर येणे बंद – उपासमार – अंडी कमी.
शिळांची रास – प्रतिस्पर्ध्यापासून आसरा.
एक अंश उष्णता – सुमारे १५४ मीटर वर.
१९६७ वर्णन, १९८९ कायद्याचे संरक्षण.
आंबोलीचा भेक – कातळावरचे पाणी.

दृढीकरणाचे प्रश्न

१. पाल व सॅलमँडर यांतील तीन भेद सांगा.
२. पावसाच्या रात्रीच सॅलमँडर अधिक का दिसतो?
३. शेनँडोआ सॅलमँडर चांगली माती सोडून शिळांच्या राशीत का राहतो?
४. सपाट प्रदेशातील प्राण्यापेक्षा शिखरावरील प्राण्याला उष्णतेचा धोका अधिक का?
५. आपल्या गावाच्या परिसरात पावसाळ्यात पाणी साचणारे कातळ, डबकी वा झरे कोठे आहेत? तेथे कोणते जीव दिसतात?

उपक्रम

पाचव्या प्रश्नाचे उत्तर वर्गाने मिळून तयार करावे. मृगाच्या पहिल्या पावसापासून दर आठवड्यास एकदा, दिवसाउजेडी व शिक्षकांच्या सोबतीने, गावाजवळील एका ठराविक डबक्याची नोंद ठेवावी. पाणी किती आहे, अंडी दिसतात काय, पिल्लांना पाय केव्हा फुटले, डबके केव्हा आटले, इतक्याच नोंदी पुरेत. वही शाळेत ठेवावी व पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्यावी. दोन-चार वर्षांच्या अशा नोंदी एकत्र झाल्या, म्हणजे गावातील पावसाचा व बेडकांचा एक विश्वसनीय इतिहास तयार होईल.

एक नियम मुलांना कटाक्षाने लावावा. निरीक्षणासाठी दगड उचलला, तर तो होता तसाच, होता तेथेच, हळू परत ठेवावयाचा. त्याखालील प्राणी घरी न्यावयाचा नाही, बाटलीत भरावयाचा नाही व दुसऱ्या डबक्यात सोडावयाचा नाही. दगड उलथा पडून राहिला, तर त्याखालील ओलावा थोड्याच वेळात उडून जातो, हे सकाळच्या कापडाच्या तुकड्याने त्यांना दाखविलेच आहे.

शेनँडोआचे सॅलमँडर या मुलांच्या दृष्टीस बहुधा कधीच पडणार नाहीत. परंतु पाठानंतर एखाद्या मुलाने शाळेच्या वाटेवरचा दगड उचलून पाहिला आणि कोणी न सांगता तो पुन्हा जागच्या जागी ठेवला, तर पाठ सफल झाला असे शिक्षकांनी समजावे.